झाडांची टाकी : रोजची नजर, आठवड्याचं काम आणि तुमचे अनुभव

पाणवेल

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्यातली, खऱ्या झाडांची टाकी सांभाळणारे इथे बरेच जण आहेत, पण माहिती दहा ठिकाणी विखुरली आहे. म्हणून हा एक धागा काढते. टाकी नव्याने कशी मांडायची हा विषय इथे नको. मांडलेली टाकी वर्षानुवर्षं कशी राखायची, तेवढंच बोलू.

माझी टाकी १२० लिटरची, सहावं वर्ष चालू आहे. मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया, मधे क्रिप्टोकोरिन, लाकडावर अनुबियास आणि जावा फर्न. चौदा निऑन टेट्रा, सहा कोरिडोरास, बाकी गोगलगायी. झाडांसाठी सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड सोडत नाही.

रोजचं काम पाच मिनिटांचं. खायला टाकते तेव्हा मासे मोजते, कारण तेव्हाच सगळे पुढे येतात. जो येत नाही त्याला शोधते. थर्मामीटर बघते. फिल्टरच्या तोंडाशी पाण्यावर जी लहर उठते ती कालच्याइतकीच आहे का, ते बघते. ती मंदावली की स्पंज भरला. पिवळं पडलेलं पान दिसलं तर चिमट्याने काढते. झालं.

दर रविवारी ४० लिटर पाणी बदलते. आधी हीटर आणि फिल्टरचं बटण बंद. हीटर तापलेला असताना पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते, म्हणून बंद केल्यावरही पंधरा मिनिटं थांबते. तेवढ्यात समोरची काच पुसून घ्यायची, वाढलेली झाडं छाटायची. मग सायफनची नळी लावून आधी मोकळ्या जागेतला गाळ ओढायचा. झाडांच्या बुडाशी मात्र नळी खुपसायची नाही, वरवर फिरवायची. तिथला गाळ मुळांच्या कामाचा असतो. काढलेल्या पाण्याची पहिली बादली फेकत नाही. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात चार वेळा पिळते आणि परत लावते. नवं पाणी त्यातलं क्लोरीन घालवून, टाकीच्या तापमानाला आणून, हळू धारेने. धारेखाली एक बशी धरते म्हणजे वाळू उधळत नाही.

हे सगळं इतक्या बारकाईने लिहिण्याचं कारण सांगते. पहिल्या वर्षी मी एकदा ‘पूर्ण’ सफाई केली. खडी बाहेर काढून धुतली, फिल्टर उघडून सगळं साहित्य नळाखाली चोळून चोळून पांढरं केलं, पाणी शंभर टक्के नवं. संध्याकाळी टाकी आरशासारखी दिसत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. कल्ले लालभडक. आठवड्यात नऊ मासे गेले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतं, आणि फिल्टरमध्ये जे राहतात तेही जंतूच. माशांची घाण पचवणारी सगळी फौज मी एका दुपारी धुऊन टाकली होती. तेव्हापासून टाकी ‘साफ’ करणं सोडलं. थोडं थोडं, ठरल्या दिवशी, एवढंच.

तुम्ही काय करता ते लिहा.

काठावरचा

छान धागा. वाचनखूण साठवली.

माझी पद्धत थोडी वेगळी. ६० लिटर, मातीचा थर आणि वर वाळू, झाडं ठासून भरलेली, मासे मोजके. पाणी महिन्यातून एकदाच बदलतो, तेही पाव टाकी. माशांच्या घाणीतला अमोनिया झाडं थेट उचलतात; उरलेल्याचं जिवाणू जे नायट्रेट करतात ते लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलेलं कधी पाहिलं नाही. दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलायलाच हवं असं नवीन लोकांनी समजू नये.

पाणवेल

अगदी मान्य, दादा. तुमची झाडं जास्त आणि मासे कमी. माझ्याकडे उलटं आहे, शिवाय अनुबियास आणि फर्न फार सावकाश वाढतात, त्यांचा उपसा कमी. किती बदलायचं ते ज्याच्या त्याच्या टाकीने ठरवावं. पण जे ठरेल ते मोडू नये.

रसायन

काठावरचा यांना एकच विनंती: महिन्यातून एकदा नायट्रेटबरोबर केएचही, म्हणजे पाण्याची क्षारताही, मोजत जा. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता खर्च होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण सात मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. झाडांनी अमोनिया परस्पर खाल्ला तर खर्च कमी होतो, तरी होतोच. ती संपली की पीएच घसरायला लागतो आणि वरून काहीच दिसत नाही, पाणी काचेसारखं असतं.

नायट्रेट मोजताना अजून एक. पाणी तपासायच्या बऱ्याच किटमध्ये नायट्रेटची दुसरी बाटली तळाशी साका धरते. ती अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही तर रंग उतरत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. ‘माझं नायट्रेट शून्यच असतं’ म्हणणाऱ्यांनी आधी बाटली हलवून बघा.

पहाट

माझी टाकी दीड महिन्याची आहे. काचेवर, पानांवर तपकिरी धुळीसारखा थर येतोय. बोटाने पुसला की जातो, चार दिवसांत परत येतो. आणि क्रिप्टोकोरिनची सगळी पानं विरघळली. अक्षरशः चिकट होऊन गळून गेली. झाडं मेली का? उपटून टाकू?

पाणवेल

अगं, उपटू नकोस! क्रिप्टला जागा बदललेली, पाणी बदललेलं अजिबात खपत नाही. ती पानं टाकते, पण मुळं जिवंत असतात. विरघळलेली पानं तेवढी काढून घे आणि बुडखा आहे तिथेच राहू दे. महिन्याभरात बारीक कोंब वर येतील, आणि ती पानं तुझ्या पाण्यात जन्मलेली असल्यामुळे टिकतील. बरीच झाडं रोपवाटिकेत पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवलेली असतात. पाण्याखालचं पान वेगळं असतं, ते झाडाला नव्याने घडवावं लागतं.

तपकिरी थर म्हणजे डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत येतातच. आठवड्याला पुसून पाणी बदलत राहा, टाकी मुरली की बहुतेक वेळा आपोआप जातात. दिवा किती तास?

पहाट

सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत. तेरा-चौदा तास होत असतील.

पाणवेल

तिथे घोटाळा आहे. सात तासांवर आण, आणि टायमर लाव म्हणजे रोज त्याच वेळी लागेल आणि बंद होईल. नव्या टाकीत झाडं अजून रुजलेली नसतात; इतक्या उजेडाचं ती काही करू शकत नाहीत. तो शेवाळाच्या वाट्याला जातो.

मृगजळ

विरघळलेल्या पानांवरून आठवलं. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया एका टाकीत ठेवून, झाड प्राणवायू देतं आणि मासे जगतात, हे त्याने दाखवलं. पण काही दिवसांनी जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवट थर चढला. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकं खाऊन टाकलं आणि पाणी निवळलं. म्हणजे ‘झाड आहे, आता टाकी आपली आपण चालेल’ हे पहिल्या टाकीपासूनच खरं नव्हतं. कुजणारं पान कुणीतरी उचलावंच लागतं.

आणि गोगलगायी फार वाढल्या म्हणून औषध टाकणाऱ्यांना सांगणं: त्या तुम्ही टाकलेल्या जादा खाण्यावर वाढतात. खाणं कमी करा, त्या कमी होतील. त्या औषधांत बहुधा तांबं असतं आणि त्याने टाकीतली कोळंबी आधी मरते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

निळा दिवा

माझ्याकडे सिलिंडर आहे म्हणून त्या बाजूचं लिहितो. मागच्या वर्षी काळ्या दाढीच्या शेवाळाने जेरीस आणलं होतं. अनुबियासच्या पानांच्या कडांना काळे केस, लाकडावर केस, फिल्टरच्या नळीवर केस. घासून निघत नाही. मी खत बंद केलं, दिवा कमी केला, काही फरक नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी खुर्ची टाकून टाकीसमोर बसलो आणि दर तासाला ड्रॉप चेकरचा रंग वहीत लिहिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही काचेची छोटी कुपी असते, आत ४ डीकेएचचं द्रावण आणि रंगद्रव्य. निळा म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी, हिरवा म्हणजे लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे माशांना धोका. कुपी एक-दोन तास उशिरा रंग बदलते हे धरून चाला. तर दिवा लागला तेव्हा निळा. तीन तासांनी निळसर हिरवा. पुरता हिरवा झाला तेव्हा दिवा बंद व्हायला दीड तास उरला होता. म्हणजे मी वायू आणि दिवा एकाच वेळी सुरू करत होतो आणि झाडं दिवसाचा बहुतेक वेळ उपाशी काढत होती. शिवाय वायूचे बारीक बुडबुडे करणाऱ्या डिफ्यूझरची चकती बुळबुळीत झाली होती, बुडबुडे मोठे होऊन सरळ वर जात होते.

चकती स्वच्छ केली. वायू दिव्याच्या दोन तास आधी सुरू, दिवा बंद व्हायच्या एक तास आधी बंद. खत पुन्हा नेहमीसारखं. काळी झालेली पानं कापून टाकली. नवीन पानांवर केस आले नाहीत. सहा आठवडे लागले, पण गेलं.

मृगजळ

या शेवाळावर द्रवरूप कार्बन म्हणून मिळतं ते टाकलं तर लवकर जातं ना?

निळा दिवा

शेवाळ मरतं, हे खरं. पण त्यात ग्लुटारॅल्डिहाइड असतं, ते मुळात जंतुनाशक आहे. व्हॅलिसनेरियाची पानं त्याने पाण्यासारखी होऊन जातात. पाणवेलताईंच्या टाकीत तर चुकूनही नको. आणि वायूचा चढउतार तसाच राहिला तर शेवाळ परत येणारच.

रसायन

शेवाळ ओळखता आलं की निम्मं काम होतं, म्हणून दोन ओळी. काचेवर नखाने खरवडावे लागणारे हिरवे ठिपके: बहुधा फॉस्फेट कमी आणि उजेड जास्त. निळसर हिरवी, सायीसारखी सलग निघणारी चादर, कुबट वास येणारी: ते शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणू. चादर हाताने ओढून काढा, तीन-चार दिवस टाकी पूर्ण अंधारात झाका, आत हवा सोडत राहा, नंतर मोठा पाणीबदल करा. त्या कोपऱ्यात पाणी फिरत नाही का, तेही पाहा.

आणि खताबद्दल: पान जुनं की नवं, ते आधी बघा. नायट्रोजन, पोटॅशियम झाडाला एका पानातून दुसरीकडे हलवता येतं, म्हणून त्यांची कमतरता जुन्या पानांवर दिसते. जुन्या पानांत टाचणीने टोचल्यासारखी भोकं म्हणजे सहसा पोटॅशियम. लोह हलवता येत नाही, म्हणून नवा शेंडा फिकट पडतो आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

ओंजळ

पहिल्यांदाच लिहितेय. खूप घाबरले आहे, कुणी जागं असेल तर कृपया उत्तर द्या.

नात्यातल्या एकांनी घर बदलताना त्यांची ९० लिटरची टाकी मला दिली. तीन आठवडे झाले. ते दहा महिने फक्त आटलेलं पाणी भरत होते, बदललं कधीच नाही. क्रिप्ट, जावा फर्न, अकरा जुने टेट्रा. सगळं छान दिसत होतं म्हणून परवा सहा नवीन टेट्रा आणले. रात्रीत सहाही गेले. जुने अकरा मजेत आहेत. मला वाटतं पाणी विषारी झालंय. बादल्या भरून ठेवल्या आहेत, आत्ता सगळं पाणी काढून नवीन भरणार आहे.

पाणवेल

थांब. बादल्या तशाच राहू देत. पाणी काढू नकोस. किट आहे का जवळ?

ओंजळ

हो. अमोनिया ४. नायट्राइट (अमोनिया आणि नायट्रेटच्या मधली पायरी) ०. नायट्रेटचा रंग १६० च्या पुढे जातच नाही. पीएच ६, किटचा सगळ्यात खालचा रंग. केएचचा रंग पहिल्याच थेंबाला बदलला, म्हणजे तो जेमतेमच. नळाच्या पाण्याचा पीएच ७.८, केएच ६.

रसायन

ताई, मोठा बदल खरंच करू नका. का ते सांगतो.

किट जो अमोनिया दाखवतं त्यात दोन गोष्टी असतात. एक अमोनियम, जो माशांना फारसा त्रास देत नाही, आणि एक मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. कुणाचा वाटा किती ते पीएच ठरवतो. २५ अंशाला पीएच ६ असताना मुक्त अमोनिया सुमारे ०.०६ टक्के. ७ ला ०.६. ८ ला ५ च्या वर. पीएच एकाने चढला की विष जवळपास दहापट.

आज तुमच्या टाकीत ४ पैकी मुक्त अमोनिया अंदाजे ०.००२४. आता समजा अर्धं पाणी बदललं. अमोनिया ४ चा २ झाला, पण नळाच्या पाण्याने पीएच साडेसातपर्यंत गेला. तिथे मुक्त वाटा १.८ टक्के, म्हणजे ०.०३६. पाणी निम्मं नवं झालं आणि विष पंधरा पटीने वाढलं. शिवाय इतके महिने आटत गेलेल्या पाण्यात क्षार साठलेले असतात, कारण वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. जुने मासे दहा महिन्यांत इंचाइंचाने त्या पाण्याला सरावले. नवे सहा पाच मिनिटांत त्यात पडले. उलट दिशेने तोच धक्का आता जुन्यांना बसेल.

पाणवेल

ओंजळ, आज काय करायचं ते लिहून घे. खाणं दोन दिवस बंद. हवेचा पंप असेल तर लाव. नऊ लिटर पाणी काढ, म्हणजे दहावा भाग, आणि नऊ लिटर भर. क्लोरीनचं औषध घातलेलं, टाकीच्या तापमानाचं. एका दमात ओतू नकोस, बारीक नळीने अर्ध्या तासात जाऊ दे. उद्या परत नऊ. परवा परत. फिल्टरला हात लावू नकोस, खडी ढवळू नकोस. एका वेळी एकच बदल.

आणि रोज भरण्याआधी मोजून इथे लिही.

ओंजळ

ठीक आहे. नऊ लिटर केलं. हात थरथरत होते. मासे नेहमीसारखेच फिरताहेत. पाणी नळाचं एक दिवस भरून ठेवलं तर क्लोरीन उडून जातं ना, की औषध लागतंच?

रसायन

साधं क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत एका दिवसात बऱ्यापैकी उडतं. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, ते नुसतं ठेवून जात नाही. तुमच्याकडे काय घालतात ते कळेपर्यंत औषध घालाच. क्लोरामाइन असेल तर औषध अमोनियालाही बांधून ठेवणारं हवं, कारण ते फुटलं की अमोनिया सुटतो.

ओंजळ

पाचवा दिवस. चार बदल झाले. अमोनिया २, पीएच ६.४, केएच २. नायट्राइट आज पहिल्यांदाच दिसलं, ०.५. हे वाईट ना? अकराही मासे आहेत.

रसायन

चांगली खूण आहे. पीएच सहाच्या आसपास असताना अमोनिया पचवणारे जिवाणू जवळजवळ थंडावतात. क्षारता मिळाल्याबरोबर ते कामाला लागले. नायट्राइट पचवणारे अजून मागे आहेत. पण नायट्राइट माशांच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, तेव्हा नजर ठेवा. खाणं एक दिवसाआड, चिमटीच्या निम्मं. बदल तसाच चालू.

निळा दिवा

ओंजळताई, तुम्ही आकडे लिहिताय ते फार बरं करताय. मीही आता वहीत रोजची नोंद सुरू केली.

पहाट

मधेच घुसते, पाणवेलताई. दिवा सात तास केला. काचेवरचा तपकिरी थर निम्म्याने कमी आहे. आणि क्रिप्टच्या जागी वाळूतून तांबूस, गुंडाळलेलं, टाचणीएवढं काहीतरी वर आलंय! फोटो नीट येत नाही, इतकं लहान आहे.

पाणवेल

तेच ते. उलगडायला आठवडा लागेल. आता त्याच्या आसपास काही लावू नकोस. मुळाशी एक खताची गोळी खोचून ठेव, क्रिप्ट मुळांनी खाते.

काठावरचा

रसायन यांच्या सांगण्यावरून काल केएच मोजला. २ आला. वर्षापूर्वी ५ होता, वहीत आहे. पाणी तसंच काचेसारखं, मासे ठीक, नायट्रेट ५. मला कळलंच नसतं. आता दर पंधरवड्याला दहा टक्के बदलणार आहे. आणि आटलेलं पाणी भरताना नळाचं न भरता आरओचं भरतो, म्हणजे क्षार साठत नाहीत, पण त्यात क्षारताही नसते, हे लक्षात आलं नव्हतं. भर घालायला आरओ, बदलायला नळाचं, असं ठेवतो.

ओंजळ

बारावा दिवस. अमोनिया ०.२५, नायट्राइट ०, पीएच ७, केएच ४, नायट्रेट ५० च्या आसपास. अकरा मासे. त्यांचे रंग उजळलेत असं वाटतं. शेपटीजवळची लाल पट्टी आधी फिकी होती. फर्नच्या पानांवर काळी पिल्लं फुटलीत. आता फिल्टर धुऊ का? धार फारच बारीक झालीय.

पाणवेल

आता धू, पण अर्धाच. स्पंज दोन आहेत ना? एक आज, काढलेल्या टाकीच्या पाण्यात पिळून. दुसरा तीन आठवड्यांनी. चिनी मातीच्या गोळ्या असतील तर त्यांना फक्त एकदा बुचकळून काढ. काम चालू असताना फिल्टर फार वेळ बंद ठेवू नकोस, आतल्या जिवाणूंना वाहतं पाणी लागतं. फर्नची पिल्लं दोन-तीन पानांची झाली की हलकेच तोडून दोऱ्याने लाकडाला बांध. वाळूत पुरू नकोस. फर्न आणि अनुबियासचं आडवं खोड पुरलं की सडतं.

रोजच्या नऊ लिटरवरून आता आठवड्याला वीसवर ये.

ओंजळ

नवीन मासे केव्हा आणू?

पाणवेल

महिनाभर अमोनिया आणि नायट्राइट शून्य राहू दे. मग तीन आण, सहा नको. आणलेले आधी वेगळ्या छोट्या टाकीत तीन-चार आठवडे ठेव, अंगावर पांढरे ठिपके, परांची झीज काही नाही ना ते बघ. टाकीत सोडताना पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब थेंब मिसळत जा, तासभर. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

ओंजळ

लिहून घेतलं. आज एक स्पंज पिळला, बादलीचं पाणी कॉफीसारखं झालं. धार परत जोरात आली आणि मागच्या कोपऱ्यातली व्हॅलिसनेरियासारखी पानं हलायला लागली, मला वाटायचं ती प्लॅस्टिकची आहेत. खाली बघितलं तर धुमारा निघालाय, काचेला टेकून पुढे येतोय.

रविवारच्या वीस लिटरच्या बादल्या भरून झाकून ठेवल्या आहेत.